चंद्रभागा निवासवरचा पत्रा

८ मे, गुरुवार

काल संध्याकाळी आमच्या गच्चीवरचा पत्रा उडाला. सगळाच्या सगळा. मी तेव्हा दातिवलीत एका आजोबांच्या शुगरसाठी रक्त घेत होते. लॅबचं काम म्हणजे घरोघरी फिरणं, त्यामुळे वादळ अंगावरच घेतलं. धुळीने समोरचं दिसेना. कशीबशी दिव्यात, घरी पोचले तर बिल्डिंगखाली गर्दी, आणि आमचा निळा पत्रा एका उभ्या रिक्षाच्या टपावर दुमडून पडलेला. रिक्षात कोणी नव्हतं. हे मी सकाळपासून स्वतःला सांगतेय. कोणी नव्हतं.

मग पाऊस. आम्ही चौथ्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावरचा स्लॅब पहिल्यापासून गळतो, म्हणून तर गच्चीवर पत्र्याचं छप्पर घातलेलं. वर जाऊन बघते तर सासूबाईंच्या पलंगावर धार लागलेली. पक्षाघाताने त्यांचं डावं अंग गेलंय, वाचाही गेलीय. तोंडावर पाणी पडतंय आणि त्या उघड्या डोळ्यांनी नुसत्या वर बघतायत. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आणि मी पलंग ओढला. बाबा हातानेच त्यांचं तोंड पुसत राहिले. आईंवर जीव आहे त्यांचा. बिल्डिंगला नावही आईंचंच दिलंय, चंद्रभागा निवास.

ही जागा सासऱ्यांची. आधी मिठागर, मग भातशेती, मग बिल्डर. बदल्यात वरचा मजला मिळाला. बाकीची घरं विकताना बाबा स्वतः बिल्डरच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. तिसऱ्या मजल्यावरची जागृती अजून म्हणते, "आम्ही गणूकाकांच्या शब्दावर घर घेतलं."

माझा नवरा प्रफुल्ल खोपट डेपोला एसटीचा ड्रायव्हर, काल मुक्कामी गाडीवर होता. फोनवर म्हणाला, "रामाला बोलव. तो लगेच टाकून देईल."

९ मे

रामा आला. शिळफाट्याला त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गच्चीवर फिरून म्हणाला, "वहिनी, पाइप नुसते विटांच्या चौथऱ्यात उभे केलेले. वारा आत शिरला की उपटणारच. आता बोल्ट मारून देतो, हत्ती लोंबकळला तरी हलणार नाही."

तो माप घेत असतानाच महापालिकेची माणसं आली. पत्रा रस्त्यावर पडला म्हणून तक्रार गेलीय. परवानगीशिवाय नवीन छप्पर घालायचं नाही, आणि परवानगीला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागेल: छप्पर वाऱ्याला टिकेल आणि खालची बिल्डिंग त्या छपराला पेलेल. नोटीस माझ्या हातात दिली.

बाबा एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "आपले घरावं आपुन पत्रा टाकाला कनाला इचारायचा? माजी जागा हाय!"

"बाबा, एक सही तर आणायचीय."

"इंजिनेर नको या घरान. सांगून ठेवतंय."

म्हातारपणी माणूस हट्टी होतं. मी विषय सोडला.

जाता जाता रामाने स्वयंपाकघराच्या दाराला रंधा मारून दिला. ते पुन्हा लागेनासं झालंय. म्हणाला, "दिवाळीलाच मारलेला ना?" दमट हवेने फुगतं लाकूड, दुसरं काय.

१२ मे

बाबांना न सांगता इंजिनिअर शोधली. डोंबिवलीत एका मावशींचं दर महिन्याला रक्त घेते, त्यांची सून ऋतिका. लायसन्सवाली आहे. मॅडम आज आल्या. बाबा दुधाला गेलेले, तेवढ्यात मी त्यांना थेट गच्चीवर नेलं.

मला वाटायचं, वारा पत्र्याला दाबतो. मॅडम म्हणाल्या, "दाबत नाही, उचलतो. वरून ओढतो आणि खालून ढकलतो. कोपऱ्यात आणि कडेला सगळ्यात जास्त. म्हणून कडेला बोल्ट जवळजवळ हवेत, आणि पाइपचा पाय खालच्या खांबात पक्का धरलेला हवा. प्लास्टरमध्ये किंवा विटांत नाही. पत्रा पट्टीला, पट्टी पाइपला, पाइप खांबाला, खांब पायाला. यातला एक जरी सुटला तर सगळं गेलं."

"मग तसंच करू," मी म्हटलं.

"करू. पण आधी खांब बघावे लागतील. खाली, तळमजल्यावरचे."

बाबा परत आले ते जिन्यातच भेटले. तळमजल्यावर पाण्याच्या टाकीमागच्या खांबाकडे मॅडम वळल्या, तर बाबा मधे उभे राहिले. हातात दुधाची पिशवी. "छपराचा काम हाय ना? मग छप्पर बघा." नकाशे मागितले तर म्हणाले, हरवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, खांब बघितल्याशिवाय मी सही करत नाही," आणि गेल्या.

१४ मे

ताडपत्री बांधलीय, पण वाऱ्याने दर वेळी एक कोपरा सुटतो. काल पुन्हा सर आली. आईंचा पलंग आता दाराशी आहे, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो. गादी वाळत नाही. पाठीला जखम सुरू झालीय. आज केस विंचरताना फणीत बारीक रेती आली, वर बघितलं तर छतातून भुरभुर पडतेय. पाण्याने रंग उखडला असणार.

बाबा मधेच म्हणाले, "दक्षे, चंद्रभागेला कळव्याला घेऊन जा, दर्शनकडं. पावसाळाभर."

दर्शन माझा भाऊ. माझा चेहरा पडला. एवढी वर्षं आईंचं सगळं मी केलं, आणि आता माझ्याकडून होत नाही असं वाटतं का यांना? की डोळ्यांसमोरून दूर हवीय बायको? प्रफुल्लला सांगितलं तर तो म्हणाला, "ने ना मग. बाबा सांगतायत तर." माझ्याकडे न बघता. दोघांचं आधीच ठरलंय. मी जाणार नाही म्हणून सांगितलं. आईंचं घर आहे हे, त्यांच्या नावाचं.

प्रफुल्लने त्याची कागदपत्रं गळतीत भिजतील म्हणून डेपोतल्या पेटीत नेऊन ठेवली. माझी न्यायची विसरला.

१७ मे

बाबा एका लग्नाला गेलेले. मी मॅडमना पुन्हा बोलावलं. मला छप्पर हवं होतं. बाकी काही नाही, देवाशप्पथ, फक्त छप्पर.

टाकीमागच्या खांबावर मॅडमनी छोटी हातोडी मारली. प्लास्टर वडीसारखं सुटून आलं. आतली सळई मी पाहिली. सळई म्हणवत नाही तिला, बोटाने चोळली तर पापुद्रे. दुसरा खांब तसाच. तिसऱ्याजवळ जमीन खचलेली, फरशी आणि भिंत यांच्यामधे माझा हात जात होता. ती फट मी रोज बघते, तिथेच स्कूटी लावते.

मॅडमनी रेती हातात घेऊन बघितली. "खाडीची रेती आहे. खारी. सळई आतून खाल्लीय हिने." मग माझ्याकडे वळल्या. "दक्षताताई, घरात दारंखिडक्या अडकतात?"

मी हो म्हटलं.

"दारं फुगलेली नाहीत. चौकटी वाकल्यात. बिल्डिंग मागच्या बाजूला बसतेय."

मी वेड्यासारखी पुन्हा छपराचं विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐका. जुना पत्रा विटांत उभा होता म्हणून उडून गेला, आणि बिल्डिंग वाचली. नवीन पत्रा बोल्टने खांबात धरला तर तो उडणार नाही. वारा त्याला ओढेल, तो खांबाला ओढेल. असल्या खांबाला. मी सही करणार नाही. सगळ्यांना बाहेर काढा. सोमवारी मी महापालिकेला लिहून देणार, मला ते करावंच लागेल."

जिन्यात जागृती भेटली. विचारलं, "काय म्हणाली गं मॅडम?"

"जरा जाड पाइप वापरा म्हणाली."

हे मी बोलले. मी.

१८ मे

बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते उठले. खिडकीशी उभे राहिले, खाडीकडे तोंड करून. मग म्हणाले, "तिला थांबव. लोकां रस्त्यावं येतील. कंदी बघितलंस का, रिकामी केलेली बिल्डिंग कनाला परत भेटली?"

ते खरंय. दिव्यात असल्या बिल्डिंगी एकदा रिकाम्या झाल्या की माणसं उडून जातात, कोण नातेवाइकांकडे, कोण गावाला. जागेवर गवत वाढतं.

प्रफुल्लने मार्ग काढला. त्याच्या ओळखीत एकजण आहे, तोही लायसन्सवाला, लगेच प्रमाणपत्र देतो. परवानगीच्या अर्जावर सही माझी घेतली, कारण बाबांचा हात कापतो आणि प्रफुल्लला ड्युटीवर जायचं होतं. "मॅडमचं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "एक इंजिनिअर नाही म्हणतो, एक हो म्हणतो. डॉक्टरांचं नसतं का तसं? सेकंड ओपिनियन."

मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. आईंच्या पाठीची जखम आज पाणी सोडत होती. कोरडी गादी हवी मला. बाकीचा विचार करायला डोक्यात जागा नाही.

२० मे

प्रमाणपत्र आलं. परवानगी यायचीय, पण अर्ज गेलाय, काम सुरू करा, असं प्रफुल्ल म्हणाला. तो माणूस बिल्डिंगकडे फिरकलासुद्धा नाही. मॅडमचे फोन येतायत, मी उचलत नाही. त्यांनी महापालिकेला कळवलंय असा मेसेज आलाय. तिथून अजून कोणी आलं नाही.

रामाने सकाळपासून ड्रिल लावलंय. प्रत्येक भोकाला घर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं कण्हतं. जागृती वर आली, पदराला पिठासारखी धूळ. तिच्या ओट्यावर छताचा पोपडा पडला, कुकरच्या बाजूलाच. हसून म्हणाली, "बिल्डिंगला कंप सुटलाय आमच्या. पण टाका बाबा एकदाचं, पाऊस डोक्यावर आलाय."

तिच्या कडेवर पिंकी होती, तिची धाकटी. माझ्याकडे यायला हात पुढे केले तिने. मी घेतली नाही. भांडी घासतेय म्हटलं.

२१ मे

पत्रा झाला. कडेने जवळजवळ बोल्ट, पाइपचे पाय खांबात. मॅडम म्हणाल्या होत्या अगदी तसाच. रामा एका पाइपला लोंबकळून दाखवत होता. लोक गच्चीवर बघायला आले. जागृतीने शिरा पाठवला.

दुपारी टीव्हीवर दाखवलं, समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय, उद्या संध्याकाळी ठाणे जिल्ह्यात वादळी वारा. रेड अलर्ट.

शिरा तसाच झाकून ठेवलाय. बाबांनीही खाल्ला नाही. ते गच्चीवर पत्र्याखाली बसून आहेत. प्रफुल्लने फोन करून सांगितलं, उद्या त्याला डबल ड्युटी लागलीय, येता येणार नाही. बिचाऱ्याला नेमकी वादळातच गाडी काढावी लागणार.

२३ मे

कालचं लिहून काढते. लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

काल सकाळी उठले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. आईंना चहा पाजताना त्यांच्या गळ्याखालून चहा ओघळला आणि मी तो पुसला, आणि तसाच कप ठेवून खाली गेले. चप्पलही घातली नाही. जागृतीचं दार वाजवलं. तिचा नवरा दिपेश समोर आला.

मी सांगितलं. खांबाचं, सळईचं, मॅडम काय म्हणाल्या ते, दुसरं प्रमाणपत्र कसं आणलं ते. आज वाऱ्याच्या आधी बाहेर व्हा म्हटलं. जागृती आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "तुला कधी कळलं हे?"

"शनिवारी."

"शनिवारी तू मला जिन्यात भेटलीस."

मी मान खाली घातली. तिने पिंकीला दिपेशच्या हातात दिलं आणि माझ्या कानाखाली मारली. मला त्या क्षणी बरंच वाटलं.

मग मी प्रत्येक मजल्यावर गेले. कोणी दार आपटलं. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "घर रिकामं करून परत बिल्डरला द्यायचं असेल तुमच्या सासऱ्याला." दुसरा म्हणाला, कालच तर नवीन पत्रा टाकलात, धोका होता तर टाकला कशाला? मी पुढचं दार वाजवलं. मॅडमना फोन केला. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणाल्या, मी महापालिकेच्या माणसांना घेऊन निघते. दुपारपर्यंत कोणी हललं नव्हतं. वारा सुरू झाला होता. नवीन पत्रा जराही वाजत नव्हता, आणि मी पुन्हा पुन्हा वर त्याच्याकडे बघत होते.

तेवढ्यात बाबा खाली उतरले. फाटकात उभे राहिले. लोक खिडक्यांतून बघत होते. कोणीतरी वरून शिवी घातली.

बाबा ओरडले, "बाहेर व्हा समदे! मी सांगतंय. खाली चिखल हाय. खाडीचा. बिल्डर बोलला पाया खोल नेला तं परवडत नाय, मी बोललो बरं. रेती इथलीच मारली, मी उभा व्हतो. मना ठावं व्हता. घरां इकताना पन ठावं व्हता." मग खाली बसले. फाटकाला धरून बसले आणि डोक्यात मारून घेऊ लागले. "चंद्रभागा वर हाय रं. तिला तरी कोन खाली आना."

माणसं बाहेर पडायला लागली ती त्यानंतर. गॅसची शेगडी, देव्हारा, गोधड्या, जे हाती लागलं ते. आईंना चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून आणलं. खुर्चीचा एक पाय दिपेशने धरला होता. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बिल्डिंगमधून आवाज आला. सुकं लाकूड मोडल्यासारखा, पण खूप खोलातून. सगळे थबकले. दिपेश म्हणाला, "चला, चला, थांबू नका."

आता आम्ही महापालिकेच्या शाळेत आहोत, मॅडमबरोबर आलेल्या माणसांनी ती उघडून दिली; एका वर्गात तीन कुटुंबं. वारा आला आणि गेला. बिल्डिंग उभी आहे.

२४ मे

उभी आहे, हेच आता सगळ्यांच्या तोंडी आहे. काल लोक जाऊन बघून आले. पत्रा एका ठिकाणीही हलला नाही. "बघा, काही झालं नाही. हिने आम्हाला फुकट रस्त्यावर आणलं." काहीजण परत जायला निघाले, तर पोलिसांनी दोरी लावलेली. दोरीजवळ भांडण झालं. महापालिकेचा माणूस म्हणाला, अतिधोकादायक म्हणून शिक्का बसलाय, आता पाडणार.

मी मनात देवाला म्हटलं, पडायला हवी होती. असं कोणी म्हणतं का? माझंच घर, आणि मी म्हणतेय.

२६ मे

काल पहाटे पाऊस लागला. धुवांधार, पण वारा नव्हता. सकाळी मागची बाजू गेली. टाकीमागचे खांब बसले आणि वरचे सगळे कोपरे एकावर एक आले. जागृतीचं स्वयंपाकघर, आमची खोली. उरलेली अर्धी बिल्डिंग उघडी पडली, कोणाच्या घरातलं कॅलेंडर अजून भिंतीवर फडफडतंय.

पत्रा शेवटपर्यंत सुटला नाही. पाइपांनी खांबाचं डोकं धरून ठेवलं होतं, ते घेऊनच तो खाली आला.

कोणी मेलं नाही. कोणी माझे आभार मानले नाहीत आणि मानूही नयेत. वर्गात बायका रडत होत्या, त्यात मीही होते, पण माझ्यापासून सगळ्या हात-दोन हात सरकून बसल्या होत्या. बाबा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून पडलेत. त्यांच्यापुढे ताट कोणी ठेवत नाही, मी ठेवते, ते तसंच उचलते.

२७ मे

प्रफुल्ल आला. वर्गाबाहेर बोलावून म्हणाला, "पोलीस जबाब घेणार. बाबांनी कबूल केलंयच. तू सांग, मला काही माहीत नव्हतं, बाबांनी सांगितलं तिथे सही केली."

"प्रमाणपत्र तू आणलंस."

"माझी नोकरी जाईल, दक्षता. आईला कोण बघणार मग?"

आजवर कोण बघत होतं, हे मी विचारलं नाही. तो दमलेला दिसत होता. वडिलांचं असं झाल्यावर कोण धड राहील?

२८ मे

पोलिसांनी बाबांना सकाळी नेलं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माजा नाव घे. तुजा नको घेव." त्यांच्या अंगात शर्टसुद्धा दुसऱ्याचा होता.

मला दुपारी चौकीवर बोलावलं. बाकावर जागृती आणि दिपेश आधीच बसले होते, त्यांचाही जबाब होता. साहेबांनी विचारलं, "बिल्डिंग धोक्यात आहे हे तुम्हाला कधी समजलं?"

सगळी उत्तरं तयार होती. मी अडाणी नाही, पण अडाणी दिसू शकते. आईंचं नाव पुढे करता आलं असतं.

"सतरा तारखेला," मी म्हटलं. "इंजिनिअर मॅडमनी खांब फोडून दाखवला. त्यानंतरच्या अर्जावर सही माझी आहे. मी समजून केली. प्रमाणपत्र माझ्या नवऱ्याने आणलं." त्यांनी लिहून घेतलं. मागे बाक वाजला. वळून बघितलं तर जागृती निघून गेली होती.

शाळेत परतले. आता माझ्यावरही गुन्हा लागेल, नाही लागेल, माहीत नाही. प्रफुल्ल फोन उचलत नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, शाळा सुरू व्हायच्या आत वर्ग रिकामे करा. कुठे जायचं, तेही माहीत नाही. दर्शनच्या घरी आईंची खाट मावणार नाही.

संध्याकाळी आईंची कूस बदलायची होती. पलंगावर मी एकटी करायचे, सवयीने. पण इथे खाली फरशीवर, सतरंजीवर, मला त्या उचलेनात. दोनदा प्रयत्न केला, माझ्याच कमरेतून कळ आली. जखम उघडी पडली आणि आई घशातून आवाज काढायला लागल्या. मी तिथेच बसले, त्यांचा दंड हातात धरून. वर्गात सगळे होते. सगळे दुसरीकडे बघत होते.

कोपऱ्यातून जागृती उठली. आली, माझ्यासमोर आईंच्या पलीकडे गुडघे टेकून बसली, आणि तिने आईंच्या खांद्याखाली हात घातला. मी कमरेखाली घातला.

"हळू हं," ती म्हणाली. मला नाही, आईंना.

आम्ही त्यांना वळवलं. मग ती उठली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली.